वुड बफेलो : राखलेल्या रानाची शंभर वर्षे

राधानगरी-दाजीपूरच्या रानात विद्यार्थ्यांच्या सहली नेताना मी बरीच वर्षे एक चूक दुरुस्त करत आलो. तिथल्या गव्याला आपल्याकडे सर्रास ‘बायसन’ म्हणतात. पाट्यांवर, वर्तमानपत्रांत, हॉटेलांच्या नावांतही तोच शब्द दिसतो. गवा हा आपल्या गायीबैलांच्या जवळचा, उष्ण रानात राहणारा प्राणी; खरा बायसन उत्तर अमेरिकेत आणि युरोपात सापडतो. गंमत अशी, की अमेरिकेत गेलेल्या युरोपीय वसाहतवाल्यांनी या बायसनला ‘बफेलो’, म्हणजे म्हैस, म्हटले आणि तिकडे तोच शब्द रुळला. आपण गव्याला बायसन म्हणतो, ते बायसनला म्हैस म्हणतात. ‘वुड बफेलो नॅशनल पार्क’ हे कॅनडातल्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव अशा एका चुकीच्या नावातून आलेले आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना वन्यजीव संवर्धनाच्या तासाला मी या उद्यानाचे उदाहरण देत असे. माझ्या टिपणवहीत त्यावर तीनच ओळी होत्या. १९२२मध्ये स्थापना. नामशेष होत आलेले बायसन वाचले. हूपिंग क्रेन हा दुर्मीळ पक्षी वाचला. एका वर्षी तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “मग तिथली माणसं कुठं गेली, सर?” हा मुलगा वारणेच्या खोऱ्यातला. आधी धरण आणि पुढे अभयारण्य झाल्यावर ज्या गावांना उठावे लागले, त्यांतल्या एका गावचे त्याचे घराणे. मी “बघून सांगतो” म्हणालो. सांगितले नाही. पुढच्या वर्षी त्याच तीन ओळी दुसऱ्या वर्गाला शिकवल्या.

निवृत्तीनंतर एडमंटनला मुलीकडे राहण्याचा योग आला आणि हे राहिलेले उत्तर शोधायला सवड मिळाली. उत्तर शोधताना माझ्या टिपणवहीतल्या उरलेल्या दोन ओळीही जशाच्या तशा राहिल्या नाहीत. हा लेख म्हणजे त्या तीन ओळींची दुरुस्ती आहे.

*

आधी या रानाचा आकार डोळ्यांसमोर आणू. वुड बफेलोचे क्षेत्रफळ सुमारे ४४,८०० चौरस किलोमीटर आहे. आपल्या देशातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान म्हणजे लडाखमधले हेमिस. त्याच्या हे दहापट. चांदोली राष्ट्रीय उद्यान सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे आहे. अशी १४० चांदोली यात मावतील. गोव्याएवढी बारा राज्ये बसतील, किंवा महाराष्ट्राचा जवळजवळ सातवा हिस्सा व्यापला जाईल. स्वित्झर्लंड हा सबंध देश याहून लहान आहे. अल्बर्टा प्रांताचा ईशान्य कोपरा आणि त्याच्या वरचा नॉर्थवेस्ट टेरिटरीज या दोन्हींत हे उद्यान पसरले आहे. ६० अंश उत्तर अक्षवृत्त त्याच्या अंगावरून जाते.

एडमंटनहून उद्यानाचे मुख्य ठाणे असलेल्या फोर्ट स्मिथला मोटारीने जायचे तर सुमारे १,३०० किलोमीटर पडतात. आम्ही मुक्काम करत, रमत गेलो. शेवटच्या टप्प्यात रस्ता उद्यानातूनच जातो आणि तासन् तास स्प्रूस नि पाइनच्या भिंती दोन्ही बाजूंनी सरकत राहतात. एका वळणावर रस्त्याच्या कडेला गवतात एक काळा उंचवटा दिसला. जावयाने गाडी थांबवली. उंचवटा उठून उभा राहिला तेव्हा तो वुड बायसनचा नर असल्याचे कळले. वुड बायसन हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत वजनदार भूचर प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ९०० किलोपर्यंत जाते. खांद्यावरचा वशिंडासारखा उंचवटा पुढच्या पायांच्याही पुढे आलेला, डोके जड आणि खाली झुकलेले, त्यामुळे तो नेहमी काहीतरी शोधत असल्यासारखा दिसतो. हिवाळ्यात शोधतोही. उणे ४० अंशांच्या थंडीत बर्फ खुराने उकरण्याऐवजी तो डोके डावीकडून उजवीकडे फिरवून नांगरतो आणि खालचे वाळलेले गवत खातो. मानेचे ते प्रचंड स्नायू आणि त्यांना आधार देणारा उंचवटा यासाठीच आहेत.

उद्यानात सगळीकडे जंगलच आहे असे नाही. जमिनीखालच्या खडकातून पाझरणारे खारे पाणी वर येऊन सुकते आणि मिठाची पांढरी मैदाने तयार होतात. जिप्समचा खडक पाण्यात विरघळून जमीन खचते, विवरे पडतात; त्या विवरांत लालसर पट्ट्याचे बिनविषारी गार्टर साप शेकड्यांनी एकत्र थंडी काढतात. दक्षिणेच्या अंगाला पीस आणि अथाबास्का या मोठ्या नद्यांचा त्रिभुज प्रदेश आहे. आपल्या डोक्यात त्रिभुज प्रदेश म्हणजे समुद्राकाठचा. हा मात्र समुद्रापासून दूर, सरोवराच्या मुखाशी तयार झालेला, गोड्या पाण्याचा आणि या प्रकारातला जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. बीव्हर या प्राण्याने फांद्या नि चिखल रचून बांधलेला सुमारे ८५० मीटर लांबीचा बांध याच उद्यानात आहे. तो माणसांना प्रथम उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, इतका तो भाग अवघड.

*

आता पहिली ओळ : १९२२.

उत्तर अमेरिकेच्या मैदानांवर एकेकाळी कोट्यवधी बायसन होते. एकोणिसाव्या शतकात कातड्यांच्या व्यापाराने, रेल्वेने आणि बंदुकीने त्यांचा संहार झाला. हे झाले मैदानी बायसनचे. उत्तरेच्या जंगलात राहणारे वुड बायसन हे त्यांचे थोडे मोठे, थोडे गडद भाऊबंद. तेही विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अवघे अडीचशे-तीनशे उरल्याचा अंदाज होता. कायद्याने शिकारीला बंदी झाली, संख्या हळूहळू वाढली आणि डिसेंबर १९२२मध्ये या उरलेल्या कळपांसाठी उद्यान जाहीर झाले. तोवर त्यांची संख्या दीड हजाराच्या घरात पोहोचली होती.

कथा इथे थांबली असती तर माझी ओळ बरोबर ठरली असती. पण तीनच वर्षांनी उद्यान चालवणाऱ्या खात्याने एक निर्णय घेतला. दक्षिणेकडे वेनराइट येथे ‘बफेलो नॅशनल पार्क’ नावाचे कुंपण घातलेले उद्यान होते. कॅनडा सरकारने १९०७पासून मॉन्टानातल्या मिशेल पाब्लो या पशुपालकाकडून विकत घेतलेले मैदानी बायसन तिथे ठेवले होते. ते इतके वाढले, की कुंपणात गवत पुरेना. काही जनावरे मारण्यात आली, त्यावर लोक नाराज झाले. शिवाय मारलेल्या जनावरांत क्षयरोग आढळला. तेव्हा उपाय निघाला, की जास्तीची जनावरे उत्तरेच्या या अफाट उद्यानात नेऊन सोडावीत. जागा भरपूर, गवत भरपूर.

या बेताला त्याच वेळी विरोध झाला होता. अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमॅलॉजिस्ट्स या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांच्या संस्थेने जाहीर हरकत घेतली. रोग पसरेल आणि दोन उपजातींचा संकर होऊन वुड बायसन हरवतील, हे दोन्ही धोके अभ्यासकांनी सांगितले होते. खात्याचे म्हणणे, लहान वयाची जनावरे पाठवू. त्यांच्यात रोग कमी असतो. १९२५ ते १९२८ या चार वर्षांत ६,६७३ मैदानी बायसन आगगाडीने आणि पुढे तराफ्यांवरून अथाबास्का व स्लेव्ह नद्यांतून उत्तरेला नेऊन सोडले गेले. दीड हजारांच्या कळपात साडेसहा हजार पाहुणे! त्यांतले काही पीस नदी ओलांडून दक्षिणेला गेले, म्हणून १९२६मध्ये उद्यानाची हद्दही तिकडे वाढवण्यात आली.

दोन्ही भाकिते खरी ठरली. पाहुण्यांबरोबर गुरांचा क्षय आणि ब्रुसेलोसिस हे दोन रोग आले. हे मुळात पाळीव गुरांचे रोग. आपल्या पशुपालकांना ब्रुसेलोसिस ‘सांसर्गिक गर्भपात’ म्हणून माहीत आहे; गाभण जनावर टाकते आणि त्या स्रावातून इतरांना लागण होते. क्षयाची चाल संथ असते. श्वासातून, नाकाच्या स्रावातून तो पसरतो. बाधित जनावर वर्षानुवर्षे जगते, चरते, कळपात मिसळते आणि शेवटी खंगते. गोठ्यात हे रोग आवरता येतात : प्रत्येक जनावराची चाचणी करा, बाधित वेगळे काढा. चाळीस हजार चौरस किलोमीटरच्या रानात हे कसे करणार? १९९०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या तपासणीत इथल्या बायसनांपैकी जवळजवळ निम्म्यांत क्षयाच्या आणि सुमारे तिसऱ्या हिश्श्यात ब्रुसेलोसिसच्या खुणा आढळल्या. रोगाने दुबळे झालेले जनावर लांडग्यांच्या तावडीत लवकर सापडते. लांडगा आणि बायसन यांचा शिकारी-भक्ष्य संबंध पिढ्यान्‌पिढ्या अखंड टिकून राहिलेले हे रान. तिथे रोगाने तराजूचे एक पारडे जड केले.

आणखी एक गोष्ट मला बोचली. १९५०च्या आणि १९६०च्या दशकांत याच उद्यानात कत्तलखाने चालवून बायसनचे मांस विकले गेले आणि लांडग्यांना विष घालण्यात आले. राष्ट्रीय उद्यान म्हणजे रानाला हात न लावणे, ही माझी समजूत त्या काळच्या व्यवस्थापकांची नव्हती. त्यांच्या दृष्टीने तो एक मोठा गोठा होता.

१९५७मध्ये मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. उद्यानाच्या वायव्य भागात, नायरलिंग नदीच्या परिसरात, इतरांपासून अलग राहिलेला एक कळप जीवशास्त्रज्ञांना सापडला. रूपाने तो वुड बायसनसारखाच होता. त्याच सुमाराला, १९६२पासून, या भागात अँथ्रॅक्सची, म्हणजे काळपुळीची साथ आली आणि घाई करणे भाग पडले. १९६३मध्ये १८ निरोगी जनावरे उचलून ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पलीकडे मॅकेन्झी अभयारण्यात सोडली. दोन वर्षांनी आणखी काही एडमंटनजवळच्या एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानात आणली. तिथे काटेकोर चाचण्यांनंतर रोगमुक्त कळप उभा राहिला.

एल्क आयलंड मुलीच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे मी चार-पाच वेळा गेलो. एक महामार्ग त्या उद्यानाला मधोमध कापतो. उत्तरेला मैदानी बायसन, दक्षिणेला वुड बायसन. मध्ये कुंपण आणि सतत धावणाऱ्या मोटारी. १९२५ साली जो भेद कुणी मानला नाही, तो आज इथे एका हमरस्त्याने राखला जातो. या दक्षिणेकडच्या कळपाचे वंशज २००६मध्ये रशियात याकुतियाला गेले, पुढे अलास्कात सोडले गेले. वुड बायसन वाचले, हे खरे. पण ते वाचले उद्यानाच्या एका कोपऱ्यात विसरले गेल्यामुळे, आणि नंतर उद्यानाबाहेर नेल्यामुळे. माझ्या टिपणातली दुसरी ओळ अशी बदलली.

*

मग उद्यानात उरलेल्या रोगी कळपाचे काय? हा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ लोंबकळत आहे. १९९०मध्ये सरकारने नेमलेल्या पर्यावरण मूल्यांकन समितीने शिफारस केली, की उद्यानातले आणि आसपासचे सर्व बायसन काढून टाकावेत, म्हणजे मारावेत, आणि एल्क आयलंडसारख्या ठिकाणचे निरोगी बायसन आणून पुन्हा सुरुवात करावी.

ही शिफारस मूर्खपणाची नव्हती. अल्बर्टा प्रांतात मोठा गोपालन व्यवसाय आहे. देशातील गुरे रोगमुक्त असण्यावर त्यांचा व्यापार अवलंबून. दुसरे, मॅकेन्झीचा निरोगी कळप वाढत वाढत बाधित कळपाच्या दिशेने पसरत होता. दोघे भेटले, की इतक्या वर्षांचे काम मातीत. आपल्या दक्षिणेतल्या रानांत गुरांच्या बुळकांडीने गव्यांचे कळप पडले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही भीती कळेल.

विरोध झाला तो प्रामुख्याने तिथल्या मूलनिवासी लोकांकडून. हजारो बायसन एकदम गेले तर लांडगे कशावर जगणार, गवताळ माळ कोण राखणार, आणि नवा कळप आईबापांशिवाय या रानाच्या वाटा कशा शिकणार? रोग आणला कुणी, आणि शिक्षा कुणाला? शिफारस अमलात आली नाही. दोन कळपांमध्ये एक मोकळा पट्टा राखला गेला. त्या पट्ट्यात बायसन दिसला तर तो काढून टाकायचा. आज उद्यानात सुमारे तीन हजार बायसन आहेत. रोगी आहेत, तरी जगत आहेत. पिले होतात, लांडगे नेतात.

मी कोणत्या बाजूचा? वर्गात असतो तर समितीच्या बाजूने बोललो असतो. निरोगी जात वाचवायची तर कठोर व्हावे लागते, असे. रस्त्याकडेला उठून उभा राहिलेला तो नर पाहिल्यापासून मला तितक्या ठामपणे बोलता येत नाही. पण मला हेही कळते, की मॅकेन्झीच्या कळपाला उद्या लागण झाली तर माझे हे हळवेपण कुणाच्याही कामाचे नाही.

*

तिसरी ओळ पक्ष्याची. हूपिंग क्रेन म्हणजे आपल्या सारसाच्या कुळातला पांढराशुभ्र, दीड मीटर उंच पक्षी. पंखांची टोके काळी, माथ्यावर लाल डाग. १९४१-४२च्या हिवाळ्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर आरॅन्सस येथे यांचे केवळ पंधरा-सोळा पक्षी मोजले गेले. हिवाळ्यात ते तिथे येतात हे माहीत होते. तिथे १९३७मध्ये अभयारण्यही झाले होते. पण उन्हाळ्यात घरटी कुठे करतात, हे कुणालाच ठाऊक नव्हते. रॉबर्ट पोर्टर अ‍ॅलन या अभ्यासकाने वर्षानुवर्षे उत्तर पालथी घातली.

३० जून १९५४ रोजी वणव्याच्या कामावर निघालेल्या एका हेलिकॉप्टरमधून वनाधिकारी आणि वैमानिकाला खाली दलदलीत पांढरे पक्षी आणि एक तपकिरी पिलू दिसले. जागा होती वुड बफेलोचा उत्तर भाग. फोर्ट स्मिथमधल्या जीवशास्त्रज्ञ विल्यम फुलर यांनी खात्री केली. बायसनसाठी आखलेल्या रेषेच्या आत हा पक्षी ३२ वर्षे घरटी करत होता आणि रेष आखणाऱ्यांना पत्ता नव्हता. पुढच्या वर्षी अ‍ॅलन मोठ्या हालअपेष्टा सोसत पायी त्या घरट्यांपर्यंत पोहोचले.

मादी सहसा दोन अंडी घालते. बहुधा एकच पिलू जगते. यावरून युक्ती निघाली, की दोनपैकी एक अंडे उचलून कृत्रिमरीत्या वाढवावे. १९६७पासून हे काम सुरू झाले. पहिल्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ अर्नी काउट अंडी ठेवायला काही न्यायचे विसरले, तेव्हा त्यांनी अंडे लोकरी मोज्यात घालून आणले. पुढेही तो मोजा त्यांच्या कामाचा भाग राहिला. त्या अंड्यांतून मेरीलँडमधल्या पॅटुक्सेंट केंद्रात बंदिस्त कळप तयार झाला.

यातही ठेच लागली. १९७५पासून आयडाहो राज्यात हूपिंग क्रेनची अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या घरट्यांत ठेवली गेली. दत्तक आईबापांनी पिले वाढवली, स्थलांतराची वाटही शिकवली. पण ही पिले मोठी झाली तेव्हा स्वतःला सँडहिलच समजू लागली. आपल्या जातीशी त्यांचे जोडपे जमले नाही. प्रयोग बंद करावा लागला. अंडे हलवता येते, ओळख हलवणे अवघड.

वुड बफेलो ते आरॅन्सस हा सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास करणारा मूळचा रानटी थवा मात्र वाढत राहिला. आज तो साडेपाचशेच्या आसपास आहे. इथे भरतपूर आठवल्यावाचून राहत नाही. सायबेरियाहून तिथे येणाऱ्या पांढऱ्या क्रौंचांचा अभ्यास रॉन सॉई यांनी केला होता. जॉर्ज आर्चिबाल्ड यांच्यासह १९७३मध्ये इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन स्थापणारे ते हेच. भरतपूर राखले गेले होते, तरी वाटेवर अनेक देश, शिकार आणि युद्धे होती. २००१-०२च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली; त्यानंतर सायबेरियन क्रौंच तिथे आले नाहीत. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला एक टोक राखून भागत नाही. हूपिंग क्रेनची दोन्ही टोके राखली गेली आणि मधल्या वाटेवर दोन देशांचा १९१६पासूनचा पक्षिसंरक्षणाचा करार होता. तिसऱ्या ओळीला मी हे कारण जोडले.

*

उद्यानाला १९८३मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच उद्यानाची गणना ‘धोक्यातील वारसा’ म्हणून करावी, असा अर्ज २०१४मध्ये मिकिस्यू क्री या तिथल्या मूलनिवासी समूहाने युनेस्कोकडे केला. कारण पाणी.

पीस नदी उद्यानात शिरण्याआधी हजाराहून अधिक किलोमीटर वर, ब्रिटिश कोलंबियात, तिच्यावर वीजनिर्मितीसाठी बेनेट धरण बांधले गेले. त्याचा जलाशय १९६८पासून भरू लागला. त्रिभुज प्रदेशातली उंचावरची तळी नदीला जोडलेली नाहीत. ती भरतात एकाच प्रकारे. वसंतात वरच्या अंगाला बर्फ आधी वितळते, पाण्याचा लोंढा खाली येतो, खालच्या नदीवरचे गोठलेले कवच फोडतो आणि त्या हिमखंडांचा एखाद्या वळणावर बांध तुंबतो. पाणी मागे फुगते, काठ ओलांडते आणि तळ्यांत शिरते. धरणाने हा क्रम बदलला. हिवाळ्यात विजेसाठी पाणी सोडले जाते, म्हणून नदी चढत्या पातळीवर गोठते; वसंताचा लोंढा मात्र धरणात अडतो. कवच फुटण्याऐवजी जागीच विरघळते. १९७४नंतर असा मोठा पूर थेट १९९६-९७मध्ये आला. मधल्या काळात तळी आटली, त्यांत झुडपे आली, मस्करॅट हा पाण्यातला केसाळ प्राणी कमी झाला आणि त्याच्यावर जगणारे फासेपारधी अडचणीत आले. दोष धरणाचा किती आणि तापत्या हवामानाचा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. दोन्हींचा आहे यावर फारसा नाही.

युनेस्कोच्या पथकाने २०१६मध्ये पाहणी करून १७ शिफारशी केल्या. कॅनडाने २०१९मध्ये कृती आराखडा दिला. दरम्यान त्याच नदीवरचे ‘साइट सी’ हे आणखी एक धरण पूर्ण होऊन २०२४मध्ये त्याचा जलाशय भरला. अथाबास्का नदी तर उद्यानात येण्यापूर्वी जगातल्या सर्वांत मोठ्या तेलवाळूच्या खाणींजवळून वाहते. हद्दीच्या आत एक झाड तोडायला बंदी, आणि हद्दीच्या आतले पाणी कधी, किती, कसे यायचे ते हद्दीबाहेर ठरते.

*

आता त्या मुलाचा प्रश्न.

उद्यान होण्याच्या २३ वर्षे आधी, १८९९मध्ये, ब्रिटिश राजसत्तेने इथल्या डेने आणि क्री समूहांशी ‘आठवा करार’ केला होता. शिकार आणि फासेमारीचे पूर्वापार चालत आलेले जगणे चालू राहील, असे आश्वासन त्यात होते. १९२२मध्ये उद्यान झाले तेव्हा त्या लोकांना विचारले गेले नाही. बायसनची शिकार सर्वांनाच बंद. इतर शिकारीला परवाना लागू लागला. कुणाला परवाना मिळाला, कुणाला नाही. एकाच गोतातले काही आत राहिले, काही बाहेर पडले. ज्याला परवाना नाही त्याला आजोबांच्या तळ्यावर फास लावणे हा गुन्हा ठरला. डेने लोकांना याचा जास्त फटका बसला. १९४४मध्ये शंभराहून अधिक डेने माणसांची सरकारी यादीतली नावे क्री समूहाच्या यादीत घातली गेली. कागदावर त्यांचा समूहच बदलला.

उजवी बाजूही सांगायला हवी. २०००च्या सुमारास उद्यानातून हिवाळी रस्ता काढण्याचे ठरले, तेव्हा मिकिस्यू क्री न्यायालयात गेले. २००५मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कराराने दिलेल्या हक्कांवर परिणाम होणार असेल तर सरकारने आधी त्या लोकांशी खरीखुरी सल्लामसलत करायला हवी. आज परिसरातले मूलनिवासी समूह उद्यानाच्या कारभाराच्या चर्चेत बसतात, करारातल्या लोकांना आत शिकार करता येते. २०२३च्या उन्हाळ्यात वणव्यांमुळे आधी फोर्ट चिपेवायन आणि मग फोर्ट स्मिथ ही दोन्ही गावे रिकामी करावी लागली. परत येऊन लोकांनी घरे नि रान यांची मोजदाद केली.

हे सगळे जुळवून झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याचा नंबर मिळवला. तो आता पुनर्वसित गावातल्या शाळेत शिक्षक आहे. मी सांगत गेलो, तो ऐकत गेला. मध्ये एकदाच त्याने विचारले, “मग आता ती माणसं आत जात्यात, सर?” मी म्हणालो, “जातात. भांडून मिळवलं त्यांनी.” थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “आमचा देव अजून आतच हाय.”

रान राखू नये, असे त्याचे म्हणणे नव्हते. आपल्या शाळेतल्या मुलांना तो दरवर्षी गवे दाखवायला नेतो. त्याला इतकेच हवे होते, की मी जे शिकवतो त्यात त्याचे गाव असावे.

हे लिहून काढा, पोरांना वाचून दाखवतो, असे त्याने सांगितले आणि अंक पाठवण्यासाठी पत्ता कळवला. पत्त्यात नव्या गावाचे नाव होते. त्यापुढे कंसात जुन्या गावाचे.